सुईच्या जागी पातं

गणपतीला तीन आठवडे उरले होते. बाबा फोनवर सहज बोलल्यासारखं म्हणाले, "यंदा मखर बाजारातूनच आणू." काहीतरी बिनसलंय, हे मला मुंबईत बसूनही कळलं.

बाबा साउथ ईस्टर्न रेल्वेत होते. नागपूरहून बदली होऊन कोलकात्याला गार्डन रीचच्या मुख्य कार्यालयात आले आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले. घर भवानीपूरला, हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासापासून चालत जाण्याच्या अंतरावर. घरच्या गणपतीचं मखर दरवर्षी बाबांच्या हातचं. धनुष्यासारख्या चौकटीच्या नक्षीकरवतीने ते प्लायवूडमधून महिरप, वेलबुट्टी, दोन्ही बाजूंचे मोर कापत. थर्माकोल त्यांनी कधी घरात आणलाच नाही. महाराष्ट्रात २०१८ साली त्यावर बंदी आली, तेव्हा त्यांनी फोन करून मला मुद्दाम ऐकवलं होतं, "मी काय म्हणत होतो?"

रजा काढून घरी गेले, तेव्हा कारण दिसलं. चहाचा कप बशीवर ठेवताना किणकिण वाजत होता. बाबांचा उजवा हात थरथरत होता. डॉक्टरांची औषधं चालू होती. पण नक्षीकरवतीचं केसासारखं पातं या हाताला पेलणार नव्हतं. त्याविषयी घरात कोणी बोलत नव्हतं.

मी चांदणी चौकातल्या बाजारात गेले आणि बॅटरीवर चालणारी जिगसॉ घेऊन आले. बिनवायरची अशासाठी, की काम गच्चीवर करायचं आणि तिथे प्लगच नाही. पिस्तुलासारखी मूठ, खाली सपाट तळपट्टी आणि तिच्यातून शिवणाच्या सुईसारखं खाली-वर होणारं बोटभर पातं. अठरा व्होल्टची बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. बाबांनी खोक्याकडे पाहिलंही नाही.

सकाळी पाऊस उघडला तशी दोन स्टुलांवर सहा एमएमचा प्लाय ठेवला, त्यावर मोर काढला आणि यंत्र चालवलं. पहिल्या वीतभर कापातच कडेच्या चिप्पा उडाल्या. मोराच्या मानेच्या वळणावर मी हात जोराने वळवला आणि तडक्! पात्याचा तुकडा गच्चीच्या कठड्यावर जाऊन आपटला. नशीब, डोळ्यांना चष्मा होता. बाबा हाताची घडी घालून उभे होते. म्हणाले, "मी सांगितलं होतं, बाजारातून आणू."

आई वाळत घातलेले कपडे काढायला आली होती. तुटलेलं पातं उचलून तिने निरखलं. "ओढलंस तू. कापड ओढलं की सुई अशीच मोडते."

"हे काय शिलाई मशीन आहे?" बाबा म्हणाले.

"द्या तर खरं."

बाबांच्या हत्यारांच्या पेटीला आईने संसाराच्या चाळीस वर्षांत हात लावलेला नव्हता. लावू दिलेला नव्हता, असं म्हणणं जास्त खरं. त्या पेटीला कुलूप असे आणि किल्ली बाबांच्या जानव्याला. आईचं राज्य दुसरीकडे, तिच्या उषा मशीनपाशी. दुर्गापूजेच्या आधी शेजारच्या बंगाली बायकांच्या ब्लाऊजचा ढीग तिच्याकडे असायचा. पायाखालचा पाट आणि हाताखालचं कापड यांचा मेळ तिने तिथेच जमवलेला.

तिने पदर कमरेला घट्ट खोचला, बांगड्या काढून ठेवल्या, नाकाला रुमाल बांधला आणि माझा चष्मा डोळ्यांवर चढवला. मग मला म्हणाली, "आता त्या पुस्तकात काय लिहिलंय ते वाच."

मी वाचत गेले आणि ती प्रत्येक वाक्य शिवणात उलथवून घेत गेली. पातं बदलताना बॅटरी आधी काढावी. "मशीनवरचा पाय काढल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही, तेच." पात्याचे दात वरच्या दिशेला असतात, काप वर येताना होतो, म्हणून चिप्पा वरच्या बाजूला उडतात. "मग चांगली बाजू खाली ठेवायची. आपण कापड नाही का उलट्या बाजूने बेततो?" प्लायसाठी बारीक दातांचं पातं. "तलम कापडाला बारीक सुई." बाजूच्या खटक्यावर शून्य ते तीन आकडे होते. आकडा वाढेल तसा पात्याला पुढेमागे झोका मिळतो, काम भराभर होतं, पण कड खरबरीत होते. आईने खटका शून्यावर ठेवला.

फरक एकच होता आणि तोही तिनेच सांगितला. "तिथे सुई जागेवर नि कापड फिरतं. इथे कापड जागेवर नि मशीन फिरवायचं." म्हणून प्लाय शिकंज्यांनी स्टुलाला पक्का आवळला. पातं प्लायच्या खाली दोन बोटं उतरतं, तेव्हा वाटेत स्टुलाची पाटी किंवा कोणाची मांडी नाही ना, हे वाकून पाहिलं.

मोराच्या मानेपाशी ती थांबली. सुई कापडात रुतवून जागच्या जागी वळता येतं. पातं रुंद असल्यामुळे तसं वळत नाही, आणि जबरदस्ती केली तर मोडतं. तिने थोडा विचार केला आणि वळणाच्या बाहेरच्या टाकाऊ भागात, कडेपासून रेषेपर्यंत, बोटभर अंतरावर चार-पाच सरळ काप दिले. मग रेषेवरून जाऊ लागली, तसे टाकाऊ तुकडे एकेक करून गळून पडले आणि पात्याला वळायला जागा झाली.

"गोल गळा उलटवताना कातरे देतो ना, तसं," ती म्हणाली.

बाबांची हाताची घडी तेव्हा सुटली. खाली जाऊन त्यांनी पलंगाखालचे जुने पुठ्ठ्याचे साचे आणले, कारण त्यांच्या हाताने आता सरळ रेघ येत नव्हती. मोराचा डोळा, महिरपीतली भोकं यांना बाहेरून शिरायला वाट नसते. तिथे आधी गिरमिटाने भोक पाडून त्यातून पातं उतरवायचं, हे त्यांनी सांगितलं. मग सूचना सुरूच झाल्या. "तळपट्टी उचलू नकोस. आधी मशीन सुरू कर, मग लाकडाला लाव. पातं पूर्ण थांबल्याशिवाय बाहेर काढायचं नाही." आई ऐकत होती. एकदाच म्हणाली, "अहो, सावलीत उभे राहा. तुमचं डोकं नेमकं रेषेवर येतंय."

रात्री मी या यंत्राची कुळकथा शोधली आणि मला हसू आवरेना. स्वित्झर्लंडमधल्या सिंटिला कंपनीतला अल्बर्ट काउफमान नावाचा अभियंता. १९४६ साली त्याने बायकोच्या शिलाई मशीनची सुई काढून तिथे करवतीचं पातं बसवलं, असं सांगतात. त्यातूनच हातात धरायची जिगसॉ निघाली आणि १९४७ मध्ये बाजारात आली. योगायोग असा, की आईच्या उषा मशीनच्या नावाने जो कारखाना ओळखला जायचा, तो याच शहरात प्रिन्स अन्वर शाह रोडवर होता. आज त्या जागी साउथ सिटीच्या उंच इमारती आणि मॉल आहे.

जेवताना ही गोष्ट सांगितली. बाबांनी विचारलं, "सुई काढली तेव्हा त्याची बायको काही बोलली नाही?"

"तिचे ब्लाऊज अडले असतील," आई म्हणाली. "त्याला कशाला कळणार!"

पुढचे चार दिवस पाऊस बघून काम चाललं. पाऊस आला की सगळं जिन्यात. ओल्यात विजेचं यंत्र चालवायचं नाही, मग ते बॅटरीचं का असेना. भवानीपूरच्या गल्ल्यांतून पूजेच्या मांडवांचे बांबू उभे राहत होते आणि आमच्या गच्चीवरून भुसा उडत होता. बॅटरी संपली की चहा, हा नियम आईने केला.

कापलेल्या कडा घासायचं काम उरलं. मी पॉलिश पेपर घेतला, तेवढ्यात बाबांनी तो हातातून काढून घेतला. भिंतीला टेकून बसले, मोर मांडीवर घेतला आणि थरथरत्या हाताने घासू लागले. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तेच म्हणाले, "घासायला ही थरथर चालते."

डावीकडच्या मोराची मान उजवीकडच्यापेक्षा जराशी जाड झाली आहे. आरतीला आलेल्या कोणाच्याही ते लक्षात आलं नाही. आई मात्र प्रत्येकाला स्वतःहून दाखवत होती.

मी परत निघाले तेव्हा जिगसॉ कुठे ठेवायची, यावर दोघांचा वाद चालला होता. बाबांनी पेटीतला एक कप्पा रिकामा केला होता. आईचं म्हणणं, कुलूप उघडायला दरवेळी तुम्हाला उठवायचं का? परवा फोनवर विचारलं, शेवटी काय ठरलं?

"पेटीतच आहे," आई म्हणाली. "किल्ली माझ्या मशीनच्या खणात असते."