मोरेमीच्या रानातले कुटुंब

बोत्स्वानातल्या माऊन गावातून मोरेमीच्या रानाकडे निघालो, तेव्हा अम्मीने विचारलेच, "कुत्रे बघायला एवढ्या लांब आणलंत?" घरात कधी कुत्रा न पाळलेल्या आम्हाला यावर चटकन उत्तर सुचले नाही.

ओकावांगो नदी समुद्राला मिळत नाही. कालाहारीच्या वाळूत पसरते आणि जिरते. तिच्याच पाणथळीत मोरेमी आहे. बेसुमार शिकारीने जनावरे संपत चालली, तेव्हा बातावाना लोकांनी स्वतःच ही जमीन १९६३ साली राखीव केली. पुढाकार होता पतीच्या पश्चात जमातीचा कारभार पाहणाऱ्या एलिझाबेथ पुलाने मोरेमी यांचा.

जुलैची कडाक्याची थंडी. तंबूतच फजर अदा करून गाडीत बसलो. तासाभराने गाइडने बोट दाखवले.

रानकुत्रा म्हटले की आपल्याला ताडोबाचा तांबूस कोळसून आठवतो. हे जनावर निराळे. अंगावर काळे, पिवळे, पांढरे डाग. एकाची नक्षी दुसऱ्यासारखी नाही. कान मोठे, गोल. पाळीव कुत्र्याच्या पुढच्या पायाला पाच बोटे असतात, याला चारच.

कळप उठला. माना खाली, कान मागे, एकमेकांची तोंडे चाटणे, आणि आवाज पाखरांच्या चिवचिवाटासारखा! मग शिंका सुरू झाल्या. पहिल्याच शिंकेला आमच्या धाकटीने सवयीने 'अल्हम्दुलिल्लाह' म्हटले आणि गाडीत हशा पिकला.

पण ही शिंक म्हणजे मत असते. ओकावांगोतल्याच पाच कळपांवरचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. निघण्याची हाक कळपाच्या कर्त्या जोडीने दिली तर तीनेक शिंकांत काम होते. खालच्या कुणी दिली तर दहाएक लागतात. थोरांचे वजन आहेच, पण धाकट्यांनाही वाव आहे. "आपल्या घरी किती शिंका लागतात?" धाकटीने विचारले. अब्बांनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

कळप इम्पाला हरणांच्या मागे गेला. ताशी साठेक किलोमीटर वेगाने पळणाऱ्यांचा झाडीतून पाठलाग कसा करणार? आम्ही बिळापाशीच थांबलो. आर्डवार्कने उकरून सोडलेले ते बीळ. तोंडाशी एक लंगडा कुत्रा पुढचे पाय पसरून पहारा देत होता. अम्मी हळूच म्हणाली, "असहाबे कहफच्या गुहेपाशी असाच बसला असेल."

कळप परतला. पिल्ले धावली, मोठ्यांची तोंडे चाटू लागली, आणि पोटात आणलेले मांस मोठ्यांनी त्यांच्यापुढे ओकून टाकले. बहुधा कर्त्या जोडीचीच पिल्ले असतात, सांभाळतो मात्र अख्खा कळप. मग एकाने लंगड्यापुढेही घास टाकला. शिकारीला न गेलेल्याचाही वाटा असतो, गाइड म्हणाला.

याच प्राण्यांना पूर्वी उपद्रवी ठरवून गोळ्या घालत. राखीव रानांतसुद्धा! आता गावकुत्र्यांचा रेबीज आणि डिस्टेंपर यांच्या जिवावर उठतो. हरणांसाठी लावलेले तारेचे फास यांच्याच गळ्यात पडतात. कळपाला हिंडायला शेकडो चौरस किलोमीटर मोकळे रान लागते, ते कुंपणांनी तुटत चालले आहे. साऱ्या आफ्रिकेत हे सुमारे ६,६०० उरले आहेत. आकडा ऐकून अम्मीने पुन्हा त्या लंगड्याकडे पाहिले.

परतताना बराच वेळ ती गप्प होती. तंबू दिसू लागले तेव्हा म्हणाली, "उद्या पहाटे परत इथेच येऊ या."