बसायला जागा आहे का?

मराठी माणसाला प्रवासाला नेणं सोपं. त्याला प्रवासात बसवणं महाकठीण. घरी असताना तो आरामखुर्चीतून उठत नाही. एकदा सहलीचे पैसे भरले, की मात्र पहाटे पाचला आंघोळ उरकून, खांद्याला पाण्याची बाटली अडकवून तो बसच्या दाराशी उभा. दहा दिवसांत बावीस ठिकाणं परवडतात, की आठ दिवसांत अठरा, याचं त्रैराशिक तो आधीच मांडून आलेला असतो. ठिकाण पाहण्यापेक्षा 'पाहून झालं' म्हणण्यात त्याला अधिक आनंद. 'पाहून झालं' हे तो 'जेवून झालं'च्या चालीवर म्हणतो. ढेकर तेवढी बाकी असते.

अशा माणसाची रग जिरवायला तामिळनाडूसारखं राज्य नाही. तिथला देव दुपारी झोपतो. साडेबाराच्या सुमाराला बहुतेक मोठ्या देवळांचे दरवाजे बंद होतात, ते चारला उघडतात. तुम्ही हजार मैलांवरून आला असाल, तुमची परतीची गाडी तीनची असेल, तुमचे मेहुणे कलेक्टरच्या ओळखीचे असतील. देव उठत नाही. खरं तर पुण्याच्या माणसाला हे पटकन समजायला हवं. 'दुपारी १ ते ४ बंद' या पाटीखाली तो लहानाचा मोठा झालेला असतो. पण दुकानदाराने झोपावं ही संस्कृती आणि देवाने झोपावं ही गैरसोय, असा आपला हिशोब आहे.

आमच्याबरोबर असेच एक मेहुणे होते. त्यांच्या खिशात ठिकाणांची यादी होती आणि ती खोडायला लाल पेन्सिल होती. दुसऱ्या बाजूला आमची आई. तिचे गुडघे शहात्तर वर्षांचे आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन तीन महिन्यांपूर्वीचं. तिच्याकडे यादी नव्हती, एक प्रश्न होता. बस थांबली की ती विचारायची, "बसायला जागा आहे का?"

मेहुण्यांना हा प्रश्न सहलीच्या मुळावर आल्यासारखा वाटे. मला मात्र आता वाटतं, की तामिळनाडूत काय पाहावं हे कुणी विचारलं तर याच प्रश्नाच्या धोरणाने सांगावं.

पहिलं महाबलीपुरम. इथे दुपारची अडचण नाही. समुद्रकाठचं देऊळ काय, एकेका खडकातून कोरलेले पाच रथ काय, सगळं पल्लवांनी सातव्या-आठव्या शतकात घडवलेलं. पूजाअर्चा नसल्यामुळे देवाची झोप मोडायचा प्रश्न नाही. मेहुण्यांनी पाचही रथ पंधरा मिनिटांत खोडले. आई सुमारे शंभर फूट लांबीच्या त्या प्रचंड कोरीव शिळेसमोर बसली. कुणी तिला अर्जुनाची तपश्चर्या म्हणतं, कुणी गंगावतरण. हत्ती आहेत, नाग आहेत, ऋषी आहेत. आईने तासाभराने मला हाक मारली आणि हत्तीजवळ बोट दाखवलं. तिथे एक मांजर पुढचे पंजे वर करून तपाला उभं आहे आणि पायाशी उंदीर निर्धास्त बसलेत. "हे मांजर आपल्या ओळखीचं आहे," आई म्हणाली. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला हजर राहिलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. तेराशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाला ते कसं ठाऊक, हेच आश्चर्य. मेहुण्यांना ते मांजर दिसलं नाही. ते यादीत नव्हतं.

कांचीपुरमला देवळं पुष्कळ, पण आमच्या बसमधला निम्मा समाज साड्यांच्या दुकानात उतरला. तिथे बसायला गाद्या असतात, लोड असतात, आणि नवरेमंडळींसाठी भिंतीला लागून खुर्च्या. त्या खुर्च्यांवरचे चेहरे दवाखान्यातल्या बाकावरच्यासारखे दिसतात. खरी कांचीची साडी म्हणजे अंग वेगळं, काठ वेगळा आणि विणताना दोन्ही एकमेकांत अशी अडकवायची, की साडी विरली तरी जोड सुटता कामा नये. विणकरांकडे याला 'कोरवै' म्हणतात. दुकानदाराने हे हिंदीत समजावलं. सौभाग्यवतींनी हे सारं लक्षपूर्वक ऐकून माझ्याकडे पाहिलं आणि मी पाकिटाकडे. ती जोडही एव्हाना सुटणारी राहिलेली नव्हती.

तंजावरला आपला ऊर भरून येतो. यायलाच हवा. शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे इथे आले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांनी इथे राज्य केलं. पण मोठं देऊळ त्यांच्याही साडेसहाशे वर्षं आधीचं. राजराज चोळाने ते १०१० साली पुरं केलं. शिखर दोनशे फुटांहून उंच. या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं आम्हांला एका वाटाड्याने छातीवर हात ठेवून सांगितलं. त्या वेळी संध्याकाळचे पाच वाजले होते आणि आम्ही चाळीस माणसं त्याच शिखराच्या सावलीत बसून मान डोलवत होतो. वाटाड्याही ऊन लागू नये म्हणून सावलीतच उभा होता. श्रद्धा ही अशी गारव्याला बसून ऐकायची गोष्ट आहे.

याच देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. सबंध घराण्याची कुळकथा दगडात! मेहुण्यांनी तिचे बारा फोटो काढले आणि एक ओळही न वाचता अभिमानाने लाल झाले. आई म्हणाली, "राजाने भिंतीवर लिहिलं की शिलालेख, आणि पोरांनी लिहिलं की छडी." पण त्याच सरफोजीराजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयाची माहिती ऐकताना ती गंभीर झाली. हजारो हस्तलिखितं, संस्कृत, तामिळ, तेलुगू, मराठी. आणि त्यांतच राजांनी राखलेल्या नेत्ररुग्णांच्या उपचारांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसकट. दोनशे वर्षांपूर्वी कुणा तरी म्हातारीचा डोळा राजाने कागदावर उतरवून ठेवावा, याचं तिला फार वाटलं. "माझी फाइल तर डिस्चार्जच्या दिवशीच सापडत नव्हती," ती म्हणाली.

मग श्रीरंगम. कावेरी आणि कोळ्ळिडम यांच्यामधलं बेट, आणि त्यावर सात तटबंद्यांच्या आत रंगनाथाचं देऊळ. बाहेरच्या तटांच्या आत चक्क गाव आहे. घरं, दुकानं, सायकली, वाळत घातलेली धोतरं. दर्शनी गोपूर दोनशे छत्तीस फुटांचं. ते कित्येक शतकं अर्धवट होतं. १९८७ साली पुरं झालं. आमच्या इमारतीच्या लिफ्टबद्दल माझ्या मनात नवी आशा निर्माण झाली.

आम्ही पोचलो तेव्हा दर्शन बंद झालं होतं. मेहुणे घड्याळाकडे बघत तटाच्या सावलीत येरझारा घालू लागले. आईने नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी उत्तर द्यायच्या आत तिलाच ते सापडलं. एका जुन्या घराला रस्त्याकडे तोंड करून ओटा होता. लाकडी खांब, वर कौलं, खाली चकचकीत गार कोबा. तिकडे त्याला 'तिण्णै' म्हणतात. वाटसरूने टेकावं म्हणूनच तो पूर्वी बांधत. परवानगी विचारायची रीत नव्हती.

आई बसली. आतून तिच्याच वयाच्या एक आजी आल्या. त्यांनी पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्याही बसल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, आईला तामिळ. दोघींनी आपापल्या भाषेत बोलायला सुरुवात केली आणि तासभर अडलं नाही. मधूनमधून दोघी गुडघ्यावर हात ठेवत. काही वेळाने त्या आजींनी आत जाऊन कसलंसं तेल आणलं आणि ते कसं चोळायचं हे स्वतःच्या पायावर करून दाखवलं. मी जरा लांब खांबाला टेकून होतो. आईचा असा आवाज मी बारा वर्षांत ऐकला नव्हता. बारा वर्षं म्हणजे वाडा पाडून आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला गेल्यापासून. वाड्याला ओटा होता. संध्याकाळी ती तिथे बसे आणि सगळी गल्ली तिच्याशी बोलून पुढे जाई. फ्लॅटमध्ये आम्ही तिला स्वतंत्र खोली दिली, पंखा दिला, टीव्ही दिला. बाल्कनीत खुर्चीही ठेवली. पण तिसऱ्या मजल्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला "काय गं, आज उशीर?" असं विचारता येत नाही.

चारला दरवाजे उघडले. आई म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी इथून नमस्कार करते." सात तटांपलीकडच्या देवाला तो पोचला असणार. वाटेत त्याला रांग नव्हती.

मदुराईला गट फुटला. मेहुणे यादी घेऊन रामेश्वर आणि कन्याकुमारीकडे धावले. आम्ही तिघं मीनाक्षीच्या देवळात राहिलो. तिथे मोबाइल आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे माणसाला डोळे वापरावे लागतात. हजार खांबांचा म्हणून जो मंडप आहे, त्यात खांब नऊशे पंच्याऐंशी. हा हिशोब मेहुण्यांना कळला असता तर त्यांनी पंधरा खांबांचा परतावा मागितला असता. पण खरी जागा म्हणजे सुवर्णकमळाच्या तळ्याच्या पायऱ्या. चहूबाजूंनी ओवऱ्या, वर आकाशात गोपुरं, आणि पायऱ्यांवर मोगऱ्याचे गजरे घातलेल्या बायका, डबे उघडून बसलेली कुटुंबं, पेंगणारे आजोबा. कुणीही काहीही 'पाहत' नव्हतं. सगळे नुसते होते. आई त्यांत अशी बसली, की लांबून मला ती शोधावी लागली.

रात्री देऊळ बंद व्हायच्या वेळी सुंदरेश्वराची पालखी निघते. चवऱ्या, धूप, वाद्यं, आणि देव मीनाक्षीच्या शयनगृहात मुक्कामाला जातो. हे रोज रात्री. पालखी आमच्या समोरून गेली. आईने हात जोडले, ती दिसेनाशी होईपर्यंत जोडूनच ठेवले. मग सुनेकडे वळून हळूच म्हणाली, "बघ हो. एवढा देव असून रोज वेळेवर घरी येतो."

सौभाग्यवतींनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी बसायला जागा शोधू लागलो.