जुनी गाडी : घ्यावी की घडवावी?

हौसेला मोल नसते असे म्हणतात. पण हौस चारचाकी असली, की तिला मोलही असते आणि दरमहा हप्ताही. त्यातून ती जुन्या मोटारीवर शर्यत खेळण्याची असेल, तर साऱ्या घरालाच त्या हिशेबाला बसावे लागते.

नोकरीसाठी नाशिकहून मानेसरला येऊन राहिलेल्या एखाद्या तरुणाची कल्पना करावी. दिल्ली-जयपूर महामार्गावरचे हे गाव आता कारखान्यांचे झाले आहे. इथे मारुतीचा मोठा कारखाना आहे आणि नव्या वाहनांची चाचणी घेणारी ‘आयकॅट’ ही संस्थाही आहे. थोडे पुढे बिलासपूरहून तावडूच्या रस्त्याला लागले, की २०१३ साली सुरू झालेले हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम लागते. म्हणजे एका बाजूला नव्या गाड्या घडतात आणि दुसऱ्या बाजूला जुन्या जपल्या जातात. रोज कारखान्यात नवा पत्रा पाहणाऱ्या तरुणाचे मन रविवारी जुन्याकडे ओढ घेते, यात नवल ते काय?

त्याला वेड आहे ते ड्रॅग रेसिंगचे. या शर्यतीत वळणे नसतात. सरळ पट्टीवर साधारण ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल, गाडी थांबल्या जागेवरून सुटते आणि काही सेकंदांत सारा निकाल लागतो. अमेरिकेत हा खेळ वाढला तो विमानांच्या धावपट्ट्यांवर. १९५० साली कॅलिफोर्नियातील सांता आना इथे अशा शर्यती भरू लागल्या आणि १९५१ साली ‘एनएचआरए’ ही संघटना स्थापन झाली. रस्त्यावर जीव धोक्यात घालणाऱ्या पोरांना नियम आणि सुरक्षित जागा द्यावी, हा त्यामागचा विचार. आपल्याकडेही लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या नावाने अशा शर्यती झाल्या आहेत.

आता प्रश्न असा, की शर्यतीसाठी जुनी गाडी तयार स्थितीत विकत घ्यावी, की सांगाडा आणून स्वतः घडवावी?

तयार गाडी घेतली, तर खर्चाचा आकडा पहिल्याच दिवशी कळतो. आधीच्या मालकाने सुट्या भागांवर आणि मजुरीवर ओतलेला पैसा विक्रीत क्वचितच पूर्ण वसूल होतो. त्यामुळे घेणाऱ्याचा बहुधा फायदाच होतो. मात्र रंगाची चकाकी पाहून भुलू नये. गंजलेल्या पत्र्यावर जाड लांबी भरून वरून रंग मारलेला असतो. तिथे लोहचुंबक लावून पाहावे. लांबी जाड असेल तर तो चिकटत नाही. चासीचा आणि इंजिनचा क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहावा. जमिनीचा पत्रा, दाराखालच्या पट्ट्या आणि मागच्या पाट्यांचे जोड एखाद्या जाणत्या मिस्त्रीला दाखवावेत.

स्वतः घडवायची तर आनंद मोठा आणि वाट लांब. नवशिका सुरुवात करतो ती इंजिनपासून. वास्तविक सुरुवात ब्रेकपासून करायला हवी. प्रीमियर पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे आणि तिचे ब्रेक ड्रमचे. इंजिनचा जोर दुप्पट केला आणि ब्रेक तेच ठेवले, तर पट्टी संपल्यावर गाडी थांबणार कशी? गाडी झेपावताना भार मागे जातो. म्हणून मागच्या चाकांवर चालणारी पद्मिनी, अँबॅसिडर किंवा कॉन्टेसा या कामाला सोयीची. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मारुती ८०० ची चाके अशा वेळी जागीच फिरतात. पण जोर वाढला, की मागचे पाटे पीळ खातात, क्लचप्लेट जळते, गिअरबॉक्स तुटतो. एक भाग बदलला, की दुसरा खर्चाला उभा राहतो. वर्ष म्हणता म्हणता तीन वर्षे जातात आणि घरच्यांचे रविवारही त्यातच जातात.

आणि इथेच खरी गोष्ट पुढे येते. नाशिकला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांची १९७४ सालची पद्मिनी उभी आहे. सांगाडा शोधायला बाहेर कशाला जायचे, घरचीच गाडी घडवू, असे मुलाला वाटते. बायको म्हणते, “पैसे तरी वाचतील.” वडील फोनवर एवढेच म्हणतात, “अरे, ती चालते आहे ना अजून?”

त्या प्रश्नात कायद्याचेही उत्तर दडले आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. ती रोजच्या वापरासाठी नसते, पण रॅलीत आणि प्रदर्शनात मानाने जाते. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार केला, की हा मान गेला. रस्त्यावरच्या गाडीत मूळ रचनेविरुद्ध बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली स्पष्ट केले आहे. शिवाय दिल्ली आणि आसपासच्या भागात १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर २०१४ पासून निर्बंधांचे आदेश निघत आले आहेत. तेव्हा गाडी मानेसरला आणण्याआधी आरटीओत चौकशी करणे शहाणपणाचे.

म्हणून घ्यावी की घडवावी, याच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे : कोणती गाडी कापावी? धडधाकट, मूळ भागांची गाडी कापू नये. तिचा पत्रा एकदा कापला, की पूर्वीची गाडी पुन्हा मिळत नाही. शर्यतीसाठी घडवायची ती आधीच मोडलेली, अपघातात गेलेली, भंगाराच्या वाटेवरची गाडी. तिला मूळ रूप उरलेलेच नसते, त्यामुळे गमावण्यासारखेही काही नसते. तिचा कागदोपत्री निकाल आधी लावावा, आत संरक्षक लोखंडी पिंजरा बसवावा, टेम्पोवर चढवून धावपट्टीवर न्यावे आणि तशीच परत आणावे. महामार्गावर मध्यरात्री वेग आजमावणे हा खेळ नव्हे.

ज्याच्याकडे हाताचे कौशल्य आणि वेळ नाही, त्याने तयार गाडी घ्यावी. त्यात कमीपणा नाही. ज्याला पाना धरण्यातच सुख आहे, त्याने मोडकी आणून घडवावी. आणि वडिलांच्या पद्मिनीचे काय? तिचे नवे रबर, नवे ब्रेक, तेलपाणी एवढेच करावे, तिच्या नावाने व्हिंटेजचा अर्ज भरावा आणि पहिल्या रॅलीत पुढच्या सीटवर वडिलांना बसवावे. चारशे मीटरची शर्यत काही सेकंदांची. ती पद्मिनी मात्र पन्नास वर्षे धावली आहे.