उंटाच्या वाट्याची तारली

ओमानच्या दक्षिणेस धोफार प्रांत आहे. तेथील सलाला शहरी कामातून एक दिवस अवचित मोकळा मिळाला आणि कोणताही बेत न आखता आम्ही पूर्वेकडे मिरबाटच्या वाटेला लागलो. हिवाळ्याचे दिवस होते. वाटेत ताका गावाजवळ किनाऱ्यावर गर्दी दिसली, म्हणून उतरलो.

पाहतो तो साक्षात रापण! होडीने अर्धवर्तुळात जाळे सोडलेले आणि दोन्ही टोकांचे दोर माणसे वाळूवरून ओढीत होती. घेर आवळत आला तशी पाण्यावर चांदीची कळा चढली. ती तारली होती. कोकण-गोव्याच्या वाचकांस हे नवे नाही. नवे होते ते पुढचे. बरीचशी मासळी बाजाराकडे न जाता तेथेच उन्हात पसरली गेली. वाळलेली तारली हे धोफारात उंटांचे व गुरांचे खाद्य आहे. १४व्या शतकात येथे आलेल्या इब्न बतूतानेही त्याची नोंद केली आहे.

जून ते सप्टेंबर येथे नैर्ऋत्य मोसमी वारे वाहतात. त्या ऋतूस ‘खरीफ’ म्हणतात. आपला ‘खरीप’ याच शब्दातून आला. हे वारे डोंगर हिरवे करतात आणि समुद्रतळीचे थंड, पोषक पाणी वर आणतात. चारा आणि मासळी, दोन्ही त्यांचीच देणगी. डोंगरावरची हिरवळ सरली, की समुद्र गुरांना पोसतो.

गोव्यात १९७०च्या दशकात रापणकारांना यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध आंदोलन करावे लागले, ते किनाऱ्याच्या वाट्यासाठीच. धोफारात त्या वाट्यात उंटही भागीदार आहे. तेथली तारली कोणी उपसून संपवली, तर माणसांबरोबर गोठेही उपाशी राहतील.