थोडं फिसफिसतंय, चालेल

घरी गॅसचा सिलिंडर बदलला की आई बोटावर साबणाचा फेस घेते आणि जोडाभोवती फिरवते. एक बुडबुडा जरी आला तरी सिलिंडर परत जातो. 'थोडासाच येतोय' हे आमच्या स्वयंपाकघरात कधीच चाललं नाही.

मी याच घरात वाढले. तरीही दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ थांबलेल्या होडीत, धाकट्या भावाच्या पाठीवरच्या टाकीतून बारीक 'फिस्स' ऐकू आलं आणि मी म्हणाले, "थोडं फिसफिसतंय, चालेल."

आवाज कुठून येत होता ते आधी सांगते. स्कूबाच्या टाकीला रेग्युलेटर जोडायच्या दोन पद्धती आहेत. एक योक. हा शिकंजा असतो. व्हॉल्व्हवरून घालायचा आणि मागचा स्क्रू आवळायचा. हवा अडवणारी रबरी ओ-रिंग टाकीच्या व्हॉल्व्हच्या तोंडावर, उघड्या खाचेत बसलेली असते. दुसरी डिन. हे नाव जर्मनीच्या मानक संस्थेवरून आलंय. यात रेग्युलेटरलाच आटे असतात, तो व्हॉल्व्हमध्ये फिरवून बसवायचा. इथे रिंग रेग्युलेटरच्या टोकाला असते आणि बसल्यावर चारही बाजूंनी धातूत बंद होते. जोरात धक्का लागला तर योकची रिंग जागची हलू शकते, डिनची सहसा हलत नाही. योक २३२ बारपर्यंतच वापरतात. ३०० बारच्या टाकीला डिनच लागतो.

हे सगळं वाचून मी हौसेने डिनचा रेग्युलेटर घेतला. आमच्या होडीवरच्या टाक्या मात्र सगळ्या योकच्या. मग अडॅप्टर आला.

अडॅप्टरही दोन प्रकारचे. डिनच्या व्हॉल्व्हमध्ये एलन कीने बसवायची छोटी गुंडी असते, ती बसवली की त्या टाकीवर योक लागतो. ही २३२ बारच्या व्हॉल्व्हसाठी. ३०० बारचा व्हॉल्व्ह मुद्दामच जास्त खोल केलेला असतो, म्हणजे कमी दाबाचं सामान चुकून त्याला लागू नये. दुसरा प्रकार उलटा, डिनच्या रेग्युलेटरला पुढे शिकंजा जोडणारा. मला हा हवा होता. तो लावला की रेग्युलेटर टाकीपासून आणखी बाहेर येतो, त्यामुळे कुठेही पटकन आपटतो. शिवाय जिथे हवा अडवणारी जागा एक होती तिथे दोन होतात. म्हणजे सुरक्षित म्हणून घेतलेल्या डिनचा मुख्य फायदाच मी अडॅप्टर लावून घालवला होता. हे मला तेव्हा सुचलंच नाही.

अडॅप्टर जुनाच विकत घेतलेला, कित्येक महिने कपाटात पडून होता. भावाचा कोर्स नुकताच झालेला. 'माझा चांगला रेग्युलेटर तू घे' म्हणून मी तो त्याला दिला आणि स्वतः होडीवरचा घेतला. फिसफिस ऐकल्यावर मी स्क्रू आणखी आवळला. आवाज कमी झाला. सहा जण फिन घालून बसले होते, होडीवाले दादा घाई करत होते. भाऊ काठावर टेकला तेव्हा त्याची टाकी लाकडावर आपटली. मी ते पाहिलं. काही बोलले नाही.

नऊ मीटरवर त्याच्या डोक्यामागून एकदम बुडबुड्यांचा लोट उठला. पाण्यातही आवाज ऐकू येत होता. त्याच्या गेजवर १२० बार होते आणि काटा डोळ्यांदेखत खाली येत होता. मी माझा ऑक्टोपस त्याच्या हातात दिला, त्याच्या जॅकेटचा पट्टा धरला आणि आम्ही हळूहळू वर आलो. त्याने श्वास रोखला नाही, यासाठी मी आजही त्याची ऋणी आहे. वर आल्यावर त्याच्या टाकीत जॅकेट फुगवण्यापुरतीही हवा उरली नव्हती. त्याने ते तोंडाने फुंकून फुगवलं. फुंकता फुंकता मध्येच थांबून तो म्हणाला, "ताई, तुला आवाज आला होता ना?"

संध्याकाळी खोलीवर अडॅप्टर उघडला. त्याच्या तोंडावर मिठाचा पांढरा थर बसलेला होता. त्यामुळे टाकीची रिंग सपाट टेकलीच नसणार. जोर मात्र मी सगळा स्क्रूवर लावला होता. खरं तर स्क्रू हाताने, बेताने आवळायचा असतो. हवा रिंग अडवते, हाताचा जोर नाही.

तेव्हापासून एक जुना डबा बाळगते. त्यात दोन्ही मापांच्या रिंगा, कारण टाकीची आणि डिनची रिंग एकसारखी नसते. रिंग काढायला पितळी टोच, कारण लोखंडी सुईने खाचेला चरा पडतो. थोडं सिलिकॉन ग्रीस, बोटाला चमक येईल एवढंच. जास्त लावलं तर वाळू धरतं. डाइव्ह झाला की रेग्युलेटरचं टोपण कोरडं करून घट्ट लावते, गोड्या पाण्यात भिजत ठेवते आणि भिजत असताना पर्ज बटण दाबत नाही, नाहीतर पाणी आत शिरतं. अडॅप्टर सुटा करून धुते, पूर्ण वाळवते. रेग्युलेटरच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी बघते. ती हिरवट दिसली तर आत ओल गेली आहे, सर्व्हिसिंगला द्यायचं. रिंग चपटी झाली, कडक झाली किंवा तिला चीर दिसली तर वाद न घालता फेकते. रिंग काही रुपयांना येते. मी ती वाचवत नव्हतेच. मी वाचवत होते ती होडीतल्या सहा जणांसमोर 'जरा थांबा' म्हणायची लाज.

आईला हे अजून सांगितलेलं नाही. वाचेल तेव्हा कळेल.

गेल्या हिवाळ्यात भाऊ पुन्हा आला. तीच होडी, तीच घाई. मी व्हॉल्व्ह उघडला, आवाज नव्हता. तरी त्याने ओंजळीत समुद्राचं पाणी घेऊन जोडावर ओतलं आणि वाकून बघत राहिला. एक बुडबुडा आला. मग आणखी एक.

"थांबा जरा," तो सगळ्यांना म्हणाला.

मी व्हॉल्व्ह बंद केला, पर्ज दाबून अडकलेली हवा सोडली आणि डबा उघडला. कोणीतरी वैतागून घड्याळ पाहिलं. नवी रिंग बसवली. त्याने पुन्हा पाणी ओतलं आणि या वेळी बराच वेळ बघत राहिला.