टेपवरचा घोगरा आवाज

पुणे
रविवार

चि. सईस,


तुझा निरोप आला तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. खालच्या मजल्यावरच्या रशियन आजोबांकडे गाणं लागलं होतं आणि तू जिन्यातच थांबलीस, म्हणालीस, "हा तर आत्याच्या टेपवरचा माणूस!" इतकी वर्षं झाली, तरी तुझ्या कानाने तो आवाज जपून ठेवला. कोण हा, एवढंच तुला विचारायचं होतं. फोनवर नाव सांगून मोकळी झाले असते, पण त्याच्याबद्दल मी कुणाशी बोलले नाही त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तेव्हा निवांत वेळ काढून वाच.

त्याचं नाव व्लादिमीर विसोत्स्की. जन्म मॉस्कोचा, २५ जानेवारी १९३८. युद्ध रशियाच्या दारात आलं तेव्हा तीन वर्षांचा. आई त्याला घेऊन दूर उरलकडे गेली. पुढे आईवडील वेगळे झाले. वडील सैन्यात अधिकारी, त्यांची नेमणूक जर्मनीत झाली आणि १९४७ साली ते पोराला बरोबर घेऊन गेले. कुठे, माहीत आहे? एबर्सवाल्डेला. नकाशा उघडून बघ, तुमच्या बर्लिनच्या ईशान्येला अगदी जवळ आहे. दोन वर्षं तो तिथे राहिला, तिथेच पियानो शिकला. सांभाळलं सावत्र आईने, आणि ती माया त्याला शेवटपर्यंत पुरली. एखाद्या शनिवारी तुझ्या लेकाला, नीलला घेऊन त्या गावी जाऊन ये. दर सुट्टीत मॉल कशाला?

मॉस्कोला परतल्यावर घरच्यांच्या आग्रहाखातर बांधकामाच्या इंजिनिअरिंगला गेला, पहिल्याच वर्षी ते सोडलं आणि नाट्यशाळेत नाव घातलं. १९६४ साली तागान्का थिएटरात आला. युरी ल्युबीमोव हे तिथले दिग्दर्शक. ब्रेख्टच्या नाटकाने त्यांनी ते थिएटर नव्याने उभं केलं होतं. (आपल्याकडे पुलंनी 'तीन पैशाचा तमाशा' केला तो याच ब्रेख्टचा. तुझ्या बाबाला विचार, तो प्रयोग आम्ही दोघांनी बघितला आहे.) विसोत्स्की मरेपर्यंत तागान्काचाच नट राहिला. लोक त्याला गायक म्हणत, तो स्वतःला आधी नट समजत असावा असं मला वाटतं, कारण प्रत्येक गाण्यात तो वेगळा माणूस होऊन उभा राहतो. कधी खाणकामगार, कधी गिर्यारोहक, कधी तुरुंगातला चोर, कधी शिकाऱ्यांच्या लाल झेंड्यांनी घेरलेला लांडगा. एका गाण्यात तर चक्क लढाऊ विमान बोलतं, आपल्यात बसलेल्या वैमानिकाबद्दल तक्रार करतं.

युद्धावरची गाणी इतकी खरी की म्हातारे सैनिक त्याला पत्रं लिहून विचारत, तू आमच्या कुठल्या पलटणीत होतास? आणि हा तर तेव्हा तीन वर्षांचा! तुझ्या आजोबांना मी हे सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "मग आपल्या अण्णाभाऊ साठेंनी काय केलं? रशिया बघायच्या कितीतरी आधी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिलाच ना!" आजोबांचं हे असं होतं. रशियन पुस्तकांची गाडी आली की पगारातले पैसे तिथे जायचे आणि आजीची कुरबुर सुरू व्हायची. त्या पुस्तकांपायीच मी रशियन शिकायला लागले आणि त्यापायीच मॉस्कोला जायला मिळालं. साल ७७ असेल, नाहीतर ७८. तुझा बाबा ७६ म्हणतो, पण त्याचं ऐकू नकोस.

आता टेपचं सांगते. सोव्हिएत देशात तबकड्या काढणारी कंपनी एकच, सरकारी, मेलोदिया. तिने त्याच्या चार-दोन गाण्यांच्या छोट्या तबकड्या काढल्या, पण त्याच्या एकट्याची मोठी तबकडी दुकानात मिळायची नाही. कविता छापून आली ती एक, १९७५ सालच्या एका संग्रहात, तीही कात्री लावून. १९६८ साली वर्तमानपत्रात त्याच्यावर झोडपणारा लेख आला होता. आणि तरीही गाणी सगळ्या देशाला पाठ! सहाशेच्या वर गाणी आहेत त्याची. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, एखाद्या संस्थेच्या सभागृहात तो सात तारांची गिटार घेऊन बसायचा, कुणीतरी टेपरेकॉर्डर लावायचं. त्या टेपवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. दोन यंत्रं शेजारी ठेवायची, मध्ये वायर जोडायची आणि रात्रभर जागायचं. अशीच ती पार सैबेरियापर्यंत पोचली.

माझी टेप मॉस्कोच्या होस्टेलवर माझ्या खोलीत राहणाऱ्या तान्याने करून दिली. पुठ्ठ्याचा चौकोनी डबा, त्यावर तिच्या तिरक्या अक्षरात जांभळ्या शाईने गाण्यांची यादी. किती हातांतून ती फिरून आली होती कोण जाणे, खरखर इतकी की पाऊस पडतोय असं वाटावं. मध्येच बशीवर चमचा वाजतो. लांडग्यांच्या गाण्याआधी कुणीतरी दोनदा खोकतं. तुला आठवतं का? तू लहानपणी तो खोकलासुद्धा म्हणून दाखवायचीस आणि मग घसा ताणून गाणं सुरू करायचीस. पुढे त्याच गाण्याची स्वच्छ तबकडी मला मिळाली, पण खोकल्याशिवाय ते मला ऐकवेना. त्याची एक लकब तेव्हा तुझ्याही लक्षात आली होती. इतर गायक स्वर लांबवतात, हा 'र', 'ल', 'न' ही व्यंजनं धरून ओढतो. ऐकताना आपलाच घसा दुखायला लागतो.

मी त्याला प्रत्यक्ष बघितलं आहे, एकदाच, हॅम्लेट करताना. १९७१ साली ते नाटक आलं आणि तो गेला तोवर दोनशेच्या वर प्रयोग झाले. तिकीट मिळणं दुरापास्त. होस्टेलवरच्या एका बाईंची थिएटरात ओळख होती म्हणून आम्हा दोघींना पार कोपऱ्यात जागा मिळाली. आत शिरलो तर तो आधीच रंगमंचावर! मागच्या भिंतीशी काळा स्वेटर घालून बसलेला, हातात गिटार. लोक जागा शोधताहेत, खुर्च्या वाजताहेत, त्याचं कुणाकडे लक्ष नाही. मग उठून पुढे आला आणि पास्तरनाकची 'हॅम्लेट' ही कविता गायला. 'डॉक्टर झिवागो'तली ती कविता, म्हणजे त्या देशात न छापलेल्या पुस्तकातली, आणि हा ती दर प्रयोगाला भरल्या थिएटरात म्हणायचा.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो पडदा. नेपथ्य दाविद बोरोव्स्कींचं. पडदा म्हणजे आपला वर जाणारा मखमली पडदा नव्हे. जाडजूड लोकरीचा, हाताने विणलेला, मातकट रंगाचा. वरच्या रुळावरून तो सगळीकडे फिरायचा, आडवा, उभा, गोल. माणसं त्याच्याआड लपायची, त्याला पाठ टेकायची, राजाराणी त्याच्याच घडीत सिंहासनावर बसल्यासारखी बसायची. पोलोनियस त्याच्याचमागे मरतो. आणि कुणाचं काही ठरायच्या आत तो सरकत यायचा आणि समोरचं सगळं पुसून न्यायचा. आमच्या कोपऱ्यात त्याचा वारा लागायचा, ओल्या घोंगडीसारखा वास यायचा. नाटकातली वाक्यं मी विसरले, कुठला नट कोण तेही विसरले. तो वास अजून नाकात आहे.

विसोत्स्कीच्या घरचं म्हणशील, तर १९७० साली त्याने मारीना व्लादीशी लग्न केलं. फ्रेंच सिनेमातली मोठी नटी, आईवडील मूळचे रशियन. ती पॅरिसला, हा मॉस्कोला. मध्ये व्हिसा, परवानग्या आणि ट्रंक कॉल. ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या टेलिफोनवालीला उद्देशून त्याने एक गाणंच केलं आहे. पुढे त्याला बाहेर जायला मिळायला लागलं. पॅरिस, १९७९ च्या जानेवारीत अमेरिका. तिथे राहून जाणं त्याला अवघड नव्हतं. दर वेळी तो परत आला, कारण त्याची भाषा ऐकणारी माणसं त्याच्या देशात होती.

हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. तुझी नोकरी तिथे आहे, घर तिथे आहे, मला समजतं. पण गेल्या महिन्यात नील फोनवर मला जर्मनमध्ये काहीतरी म्हणाला आणि तू हसून विषय बदललास. मला हसू आलं नाही. त्याच्याशी जेवताना तरी मराठीत बोल. चुकला तर चुकू दे, मध्ये दुरुस्त करू नकोस.

दारू विसोत्स्कीला लहान वयातच चिकटली, पुढे मॉर्फिन. मोठा कलावंत म्हणून लोक हे गोड करून सांगतात, मला ते पटत नाही. १९७९ च्या जुलैत बुखाऱ्याच्या दौऱ्यात त्याचं हृदय बंद पडलं होतं, डॉक्टरने ओढून परत आणला. आणि बरोबर वर्षाने, २५ जुलै १९८० ला पहाटे तो गेला. बेचाळीस वर्षांचा. मॉस्कोत ऑलिंपिक चालू होतं, सरकारला गालबोट नको होतं, वर्तमानपत्रांत दोन-चार ओळी आल्या. तागान्काच्या तिकीटखिडकीवर एक कागद लावला होता, बस्स. अठ्ठावीस तारखेला अंत्ययात्रा, तर थिएटरपासून काही किलोमीटर रांग! छपरांवर, टपऱ्यांवर माणसं. आदल्या दिवशीचा हॅम्लेटचा प्रयोग रद्द झाला होता, त्याची तिकिटं लोकांनी परत केली नाहीत म्हणतात. मी तेव्हा इथे होते. तान्याचं पत्र आलं ते गणपतीच्या सुमारास, आरती चालू असताना पोस्टमनने दिलं. ते मी दुसऱ्या दिवशी वाचलं. १९८७ साली सरकारने त्याला मोठं राज्य पारितोषिक दिलं. जिवंतपणी एक पुस्तक छापलं असतं तर त्याला किती बरं वाटलं असतं.

आता कामाचं. यंत्राचा पट्टा तुटला आहे, पण टेप शाबूत आहे, कपाटात साड्यांच्या घडीत ठेवली आहे. इथे एकजण अशा टेपवरून संगणकावर उतरवून देतो, त्याच्याकडे देते आणि तुला पाठवते. त्याला बजावलं आहे, खरखर काढायची नाही, खोकलाही तसाच राहू दे. तोवर त्या आजोबांकडे जा. रिकाम्या हाताने जाऊ नकोस, चकल्या घेऊन जा. त्यांना आधी युद्धाची गाणी लावायला सांग, मग लांडग्यांचं, मग घोड्यांचं, आणि एकेका ओळीचा अर्थ विचार. ते त्या थिएटरात कधी गेले होते का, पडदा बघितला होता का, हे नक्की विचार आणि मला कळव. नीललाही बरोबर ने.

आईचा गुडघा आता बरा आहे. बाबा पथ्य पाळत नाही, त्याला तू रागव, माझं ऐकत नाही. थंडी सुरू झाली असेल, कान झाकून बाहेर पड.

तुझी,
आत्या