गाडीचे माहितीपत्रक वाचताना

2025 च्या दिवाळीनंतरची गोष्ट. लहान गाड्यांवरचा वस्तू व सेवा कर सप्टेंबरमध्ये 18 टक्क्यांवर आला होता आणि 2012 साली घेतलेली आमची गाडी तेरा वर्षांची झाली होती. नवी गाडी पाहायला निघण्यासाठी ही दोन कारणे पुरेशी होती. पण खरे कारण तिसरेच, आईचे गुडघे. आई शहात्तर वर्षांची आहे. दर दोन महिन्यांनी तिला साताऱ्याहून पुण्याला डॉक्टरांकडे न्यावे लागते. त्या प्रवासात खंबाटकीचा घाट तिला जड जात नाही. जड जाते ते गाडीत शिरणे आणि गाडीतून बाहेर पडणे.

एका कंपनीच्या विक्रीदालनात गेलो. विक्रेता तरुण होता आणि मनापासून बोलत होता. त्याने आम्हाला प्रथम एका उंच गाडीपाशी नेले. आईने दाराची मूठ धरली, एक पाय वर ठेवला आणि ती तशीच थांबली. दुसरा पाय जमिनीवरून सुटेना. "आजी, खाली पायरी बसवून देऊ. अॅक्सेसरीजमध्ये मिळते," विक्रेता म्हणाला. नंतर एका बुटक्या गाडीत ती बसली खरी, पण उठताना मी आणि पत्नीने दोन्ही हात धरले तेव्हा कुठे उभी राहिली. मग ती ग्राहकांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर जाऊन टेकली आणि म्हणाली, "अरे, मला चढायचंही नाही आणि आत घुसायचंही नाही. मला गाडीत बसायचंय."

मी मराठीचा मास्तर. आईच्या वाक्यातली तीन क्रियापदे कानात राहिली. आपण एसटीत चढतो, लोकलच्या गर्दीत घुसतो आणि गाडीत 'बसतो'. खुर्चीवर बसावे तितक्या सहजतेने बसता येणे ही अपेक्षा त्या क्रियापदातच आहे. आईने नवे काही मागितले नव्हते. भाषेने आधीच कबूल केलेली गोष्टच ती मागत होती.

माहितीपत्रक घरी आणले आणि सवयीने ते एक संहिता म्हणून वाचू लागलो. डोंगरकडा, चिखल उडवणारी चाके, टपावर बांधलेली सायकल, रात्रीचे झगमगते शहर. चित्रातली माणसे सारी तिशीच्या आतबाहेरची. कोणाच्या हातात डब्याची पिशवी नाही, कोणाच्या कडेवर मूल नाही, कोणाला गुडघे नाहीत. वोल्फगांग इझर यांची गृहीत वाचकाची संकल्पना मी वर्गात अनेकदा समजावून दिली आहे: प्रत्येक संहिता स्वतःसाठी एक वाचक रचत असते. या संहितेने रचलेला वाचक आमच्या घरात राहत नव्हता. पैसे मात्र आमच्याच घरातून जाणार होते.

मोटार-कंपन्या ग्राहकाचे ऐकतच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आमच्या भागाला जवळचे उदाहरण आहे ते पिंपरीचे. रतन टाटांनी इंडिकाची कल्पना मांडली तेव्हा झेनचा आकार, अँबॅसिडरची ऐसपैस जागा, मारुती 800 च्या आसपासची किंमत आणि डिझेलचा कमी खर्च असे चार निकष होते. हे निकष म्हणजे त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात रात्रीच्या जेवणानंतर होणाऱ्या चर्चेचा गोषवाराच होता. जानेवारी 1998 मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात लोकांनी ती गाडी पाहिली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती बाजारात आली. पहिल्या गाड्यांविषयी तक्रारी झाल्या. कंपनीने त्या मनावर घेतल्या, गाडीत दुरुस्त्या केल्या आणि 2001 मध्ये 'इंडिका व्ही 2' आणली. आपल्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर ती सुधारित दुसरी आवृत्ती होती. आणि पहिल्या आवृत्तीतले दोष उघडपणे मान्य करून दुसरी काढणारे प्रकाशक आपण किती पाहिले आहेत?

त्याच कारखानदाराची दुसरी गाडी मला अधिक अस्वस्थ करते. पावसात एका स्कूटरवर चाललेले चौघांचे कुटुंब पाहून नॅनोची कल्पना सुचली, असे रतन टाटा सांगत. ते कुटुंब माझ्या ओळखीचे आहे. बाबा चालवीत, आई मागे धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन बसे आणि हँडलला धरून पुढे उभा राहणारा मुलगा मी असे. पावसात बाबांच्या चष्म्यावरचे पाणी पुसण्याचे काम माझ्याकडे असायचे. तेव्हा जानेवारी 2008 मध्ये ती गाडी जगासमोर आली, त्या दिवशी कोणीतरी आपल्याला पाहिले होते, असे मला वाटले. कारखान्यातून निघतानाची एक लाख ही किंमत ठेवून 2009 मध्ये ती विक्रीला आली.

गरज अचूक ऐकली गेली होती. चुकले ते तिचे नामकरण. 'जगातली सर्वांत स्वस्त गाडी' हे बिरुद तिला चिकटले, आणि हे घातक ठरल्याचे पुढे खुद्द रतन टाटांनीही बोलून दाखवले. स्कूटरवरून उतरणाऱ्या माणसाला स्वस्तात काही हवे होते असे नाही. त्याला लग्नमंडपाच्या दारात कोरड्या कपड्यांनी आणि ताठ मानेने उतरायचे होते. 'स्वस्त' हा शब्द नेमकी ती मान खाली घालायला लावतो. शिवाय पहिल्या नॅनोची मागची बाजू दारासारखी दिसे, पण उघडत नसे. सामान ठेवायचे तर आतून, मागचे आसन पाडून. उघडणारी डिकी आली ती 2015 मध्ये. एका साध्या मागणीला सहा वर्षे लागली. 2018 च्या अखेरीस उत्पादनच थांबले.

आज त्याच कंपनीची यादी पाहिली तर पंच, नेक्सॉन, कर्व्ह, हॅरिअर, सफारी आणि नोव्हेंबर 2025 मध्ये नव्याने आलेली सिएरा अशी उंच गाड्यांचीच रांग दिसते. सर्वच कंपन्यांचा ओढा तिकडे आहे. टियागो आणि आल्ट्रोझ या बुटक्या गाड्या तेथे अजून आहेत, हे सांगायला हवे. आल्ट्रोझची दारे जवळजवळ काटकोनात उघडतात; आरेखन करताना कोणाच्या तरी डोळ्यांसमोर साडी नेसलेली आजी आली असावी. माझी इच्छा याच्या एक पाऊल पुढची आहे. टाटांची 1992 ची एस्टेट आणि 2004 ची इंडिगो मरिना या लांब पाठीच्या गाड्या होत्या. जमिनीलगत, पण सामानाला भरपूर जागा असलेल्या. आईची चाकाची खुर्चीही घडी घालून मागे मावेल, अशी ती घडण. तशी एखादी गाडी पुन्हा यावी.

ती का येत नाही, याचे एक उत्तर करात आहे. 2006 च्या अर्थसंकल्पाने चार मीटरांच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांचे उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणले. तेव्हापासून भारतीय गाडीच्या देहावर मोजपट्टी फिरते आहे. मारुतीची डिझायर 2008 मध्ये चार मीटरांहून लांब होती. 2012 च्या नव्या अवतारात तिची डिकी आखूड होऊन ती 3,995 मिलिमीटरवर आली. आल्ट्रोझही या रेषेच्या जेमतेम आत आहे. तिची पाठ वीतभर वाढवली, तर 18 टक्क्यांऐवजी 40 टक्के कर लागेल. वृत्ताच्या मात्रा जुळवण्यासाठी शब्दाचे शेपूट तोडणाऱ्या कवीला आपण हसतो. येथे तर बाजारातली अर्धीअधिक रचना त्याच नियमाने चालते.

एवढे लिहून थांबलो असतो तर बरे झाले असते. सारा दोष कंपनी आणि सरकार यांच्यात वाटून टाकता आला असता. परंतु 2012 मधली माझी स्वतःची निवड आडवी येते. त्या वेळी माझ्या ऐपतीत दोन मॉडेले बसत होती. एकात पुढच्या दोन आसनांना एअरबॅग होत्या. दुसऱ्यात त्या नव्हत्या, पण गाणी ऐकण्याची उत्तम सोय, बटणावर चालणाऱ्या चारही काचा आणि दिसायला सुरेख चाके होती. मी दुसरे घेतले. कोणी फसवले नाही, कोणी आग्रहही केला नाही. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय लहान गाड्यांची एअरबॅगविना मॉडेले ताशी 64 किलोमीटर वेगाने धडकवली. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यांतल्या पोलोला दोन एअरबॅग लावून पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा चार तारे मिळाले. ती बातमी मी वाचली, वर्तमानपत्राची घडी घातली आणि पुढच्या आठवड्यात आईला शेजारी बसवून घाट उतरलो.

त्यानंतरही अकरा-बारा वर्षे तेच केले. काही झाले नाही, हे आमचे नशीब. माझा शहाणपणा नव्हे. चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली 2019 मध्ये आणि शेजारी बसणाऱ्यासाठी ती यायला 2021 उजाडले. हा क्रमही विचार करायला लावणारा आहे. डिसेंबर 2018 मध्ये रांजणगावला तयार होणाऱ्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले आणि त्यानंतर कुठे आपल्याकडे ग्राहक ताऱ्यांविषयी विचारू लागला. तोपर्यंत आपण 'अॅव्हरेज किती देते?' एवढेच विचारत होतो. ग्राहकाची इच्छा म्हणजे तो घरी बोलतो ती, की पैसे मोजताना दिसते ती? कंपनीला दुसरीच कळते, कारण तिचीच नोंद होते. माझ्या 2012 च्या पावतीने कोणत्या तरी तक्त्यात एक खूण केली असेल: या ग्राहकाला गाणी हवी आहेत.

हे सगळे डोक्यात असताना उपयोजित मराठीच्या तासाला जाहिरातलेखन शिकवायचे होते. मी विद्यार्थ्यांना ते माहितीपत्रक दाखवले आणि सांगितले, "तुमच्या घरातल्या एका माणसासाठी हे पुन्हा लिहा." वर्गात प्रथम हशा झाला, मग शांतता पसरली. एका मुलीने दूध घालणाऱ्या वडिलांसाठी लिहिले: डिकीचा उंबरा खाली हवा, कॅन उचलताना कंबर धरते. एकाने लिहिले की मागच्या काचेचा वायपर महागड्या मॉडेललाच का, पाऊस काय फक्त त्यांच्याच काचेवर पडतो? एकाने चारच शब्द लिहिले: मधल्याच्या डोक्यालाही आधार द्या. मागच्या आसनावर मध्ये बसतो तो घरातला सर्वांत धाकटा, हे त्या वर्गात कोणाला समजावून सांगावे लागले नाही. छताला काच हवी, असे एकानेही लिहिले नाही. अर्थात, पैसे त्यांना मोजायचे नव्हते. मोजायची वेळ आली की तेही माझ्यासारखेच वागतील की काय, ही शंका मी त्यांच्यासमोर बोलून दाखवली, आणि स्वतःची गोष्ट सांगितली.

गाडी शेवटी आम्ही दुसरीकडे घेतली. मधल्या उंचीची, मधल्या किमतीची. आईने दार उघडून आधी पाठ आत नेली, मग एकेक पाय उचलून घेतला आणि बसली. "हं," एवढेच म्हणाली. नोंदणी-अर्जाच्या शेवटी 'आपल्या सूचना' अशी दोन रिकाम्या ओळींची जागा होती. एरवी मी ती कोरी सोडतो. या वेळी तेथे आईचे विक्रीदालनातले वाक्य जसेच्या तसे लिहिले आणि खाली सही केली.